स्टाफरूममधला गप्प माणूस: शाळेत काम करणाऱ्यांच्या मनाची काळजी तुमच्याकडे कोण घेतं?

कृष्णाकाठ | ३ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावी, चौदा शिक्षक, एक लेखनिक, एक शिपाईमामा. या पदावर तीन वर्षं झाली, त्याआधी एकोणीस वर्षं इतिहास शिकवला.

आमचे गणिताचे सर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सेवाज्येष्ठ. फळ्यावर वर्तुळ हाताने काढतात आणि ते कंपासने काढल्यासारखं येतं. मुलं हे बघायला आठवीपासून वाट बघतात. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सर थोडे शांत वाटले. जुलैत त्यांनी आमच्याबरोबर डबा खाणं बंद केलं, 'पोटाला बरं नाही' म्हणाले. ऑगस्टमध्ये नववीच्या घटक चाचणीचे पेपर तीन आठवडे तपासून आले नाहीत. पालकांचे फोन यायला लागले. मी दोनदा तोंडी सांगितलं आणि तिसऱ्यांदा नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागवला.

खुलासा दोन ओळींचा आला. 'विलंबाबद्दल दिलगीर आहे. पुन्हा होणार नाही.' अक्षर मात्र सरांचं वाटेना, इतकं वाकडं. मी तो कागद फाईलला लावला आणि पुढच्या कामाला लागले.

आठ दिवसांनी शिपाईमामा केबिनमध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, सांगू का नको कळंना. सर शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गात तासभर बसून असतात. दिवा लावत नाहीत. मी कुलूप लावायला गेलो की उठतात."

त्या संध्याकाळी मी वर्गात गेले. सर शेवटच्या बाकावर बसले होते. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "फळ्याकडे तोंड केलं की परत वर्गाकडे वळावंसं वाटत नाही." चार महिने धड झोप नाही. वडील अंथरुणावर, दहावीच्या निकालाची धास्ती, पटसंख्या घटल्यावर पदं जातील ही कुजबुज. त्यांनी बरीच कारणं सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पण यातलं एकही कारण पुरेसं नाही हो बाई, हेच कळत नाही."

मला तेव्हापासून एकच गोष्ट टोचते आहे. ज्या माणसाबरोबर मी बावीस वर्षं काम केलं, त्याला मी 'झोप लागते का?' असं विचारायच्या आधी खुलासा मागितला.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल आता बोललं जातं, आणि ते झालंच पाहिजे. यंदाच्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं, मुलांमधली धोक्याची चिन्हं त्यांना ओळखता यायला हवीत. मी ते वाचलं आणि मनात आलं, चिन्हं ओळखणारा माणूस स्वतः बुडत असेल तर त्याच्याकडे कोण बघणार?

तुमच्या शाळेत काय करता ते सांगा. एक दिवसाचं 'ताणतणाव व्यवस्थापन' शिबिर आम्ही केलं आहे. डोळे मिटून बसवलं, चहा दिला, सह्या घेतल्या, फोटो पाठवले. त्यातून सरांना काही मिळालं नाही. खरंच उपयोगी पडलेलं काही असेल तर ते लिहा, कितीही लहान असू दे.

---

डोंगरपाडा | ३ ऑक्टोबर, रात्री ११:१५

बाई, तुमचं वाचून हातातलं काम ठेवलं.

मी नंदुरबार जिल्ह्यात अवघड क्षेत्रातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. प्रत्यक्षात आठवड्यातले दोन दिवस मी एकटाच असतो, कारण जोडीदार शिक्षकाला बैठक, प्रशिक्षण किंवा बीएलओचं (मतदारयादीचं) काम असतं. चार वर्ग एका खोलीत घेऊन बसतो. एकाला गणित घालून दिलं की दुसऱ्याचं वाचन. मधेच पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, जेवणाऱ्यांची संख्या ॲपवर भरायची. रेंज शाळेच्या मागच्या टेकडीवर मिळते. पावसाळ्यात रोज टेकडी चढायची ती या आकड्यासाठी.

शिकवण्याचा थकवा मला कधी नकोसा वाटला नाही. भिली बोलणारी पोरं मराठीतलं पहिलं वाक्य वाचतात त्या दिवशी रात्री झोप छान लागते. थकवतं ते दुसरंच. ग्रुपवर संदेश येतो, 'अत्यंत तातडीचे. माहिती आज ४ वाजेपर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवावे.' मी तो वाचतो तेव्हा पाच वाजलेले असतात. मग दुसरा संदेश, माहिती न देणाऱ्या शाळांची यादी. त्यात आपल्या शाळेचं नाव, ते दोनशे जणांसमोर. हे महिन्यात चार-पाचदा झालं की फोन वाजला तरी छातीत धडधडतं. गावी गेलो तरी धडधडतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण हे भरा, ते भरा यातलं बहुतेक काम कागदावर 'शैक्षणिक'च असतं. त्याला कलम लागत नाही.

माझी बायको कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षिका आहे, मुलगी तिच्याजवळ. आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल उघडलं की तीन-चार आठवडे आम्ही दोघं फक्त त्याबद्दलच बोलतो. मुलगी आता फोनवर विचारते, 'बाबा, यादी लागली का?' सहा वर्षांच्या मुलीला यादी हा शब्द कळायला नको होता.

उपयोगी पडलेलं विचारलंत. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नवे केंद्रप्रमुख आले. त्यांनी पहिल्याच शिक्षण परिषदेत सांगितलं की संध्याकाळी सहानंतर मी ग्रुपवर काही टाकणार नाही, आणि वरून आलेलं टाकावंच लागलं तर ते कुणी सकाळपर्यंत उघडू नये. यादीत नावं टाकणं बंद केलं, ज्याची माहिती राहिली त्याला ते स्वतः फोन करतात. दुसरं म्हणजे त्यांनी एक वही केली आहे. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागितली गेली तर ते वहीतून भरून देतात, आम्हाला विचारत नाहीत. एवढंच. पण आमच्या केंद्रातले बारा शिक्षक हे विसरणार नाहीत.

---

एक_पालक | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

माझा मुलगा सातवीत आहे. रागावू नका, मनात आलेलं प्रामाणिकपणे विचारतो. मी कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, पगार चांगला. ताण कोणत्या नोकरीत नाही? गेल्या वर्षी मुलाच्या बाईंनी त्याला सगळ्या वर्गासमोर इतकं बोललं की तो चार दिवस शाळेत जाईना. आम्ही तक्रार केली. आज हा धागा वाचताना पहिल्यांदा वाटलं की त्या बाईंचंही काही असेल का. पण मग पोराने काय करायचं?

---

ओपीडी_खोली_९ | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

तुमची तक्रार योग्यच होती. मुलाला बोललं जाणं थांबवायचं आणि बाईंची विचारपूसही करायची, ही दोन्ही कामं शाळेची आहेत. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ड्युटी आहे.

---

तुकडी_ब | ४ ऑक्टोबर, दुपारी २:०५

एक_पालक, 'पगार चांगला' या दोन शब्दांवर थांबलो.

मी अकरा वर्षं विनाअनुदानित तुकडीवर शिकवतो आहे. शेजारच्या वर्गातले सर अनुदानित. तेच पुस्तक, तीच घंटा, त्याच मुलांचे सख्खे भाऊ-बहीण. त्यांचा पगार सरकारच्या शालार्थ या पगारप्रणालीतून होतो आणि मला संस्था काही महिने पाच हजार देते, काही महिने देत नाही. आमच्या 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या नावापुढचा 'कायम' हा शब्द २००९ साली काढला. पुढे २० टक्के, मग पुढचा टप्पा, असं अनुदान यायला लागलं. ज्यांना टप्पा मिळाला ते सुखी नाहीत आणि ज्यांना मिळाला नाही ते तर अजून अघोषितच्या, म्हणजे अनुदानाला पात्र जाहीर न झालेल्या शाळांच्या, यादीत नाव शोधत बसतात. माझ्या बॅचमधल्या शिक्षणसेवकांचं (सुरुवातीला मानधनावर लागणाऱ्या शिक्षकांचं) मानधन तुटपुंजं म्हणून आम्ही त्यांची कीव करायचो. २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. आज मला त्यांचा हेवा वाटतो.

पहाटे पाच ते साडेसात मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला बसतो. पहिल्या आठवड्यात माझ्याच वर्गातल्या मुलाचे वडील किटली घेऊन आले. त्यांनी किटली पुढे केली, मला बघितलं आणि परत मागे घेतली. म्हणाले, "सर, तुम्ही राहू द्या, मी थांबतो." त्यांना वाटलं मी कुणाच्या जागी सहज बसलोय. त्या दिवशी शाळेत जाऊन मी सहावीला 'श्रमप्रतिष्ठा' यावर निबंध सांगणार होतो. सांगता आला नाही. दूध मोजण्याची लाज नव्हती वाटली. ज्या कामासाठी बीएड केलं त्या कामाने माझं घर चालत नाही हे वर्गातल्या पोराला कळलं, ते सोसवेना.

लग्न ठरताना मुलीकडचे विचारतात, 'अनुदानित की विनाअनुदानित?' दोनदा मोडलं. आईने विचारणं सोडलं आहे.

एक सांगतो, कृष्णाकाठ यांना कदाचित उपयोगी पडेल. आझाद मैदानावर आम्ही आंदोलनाला बसलो होतो. पावसात, प्लास्टिकच्या कागदाखाली. तिथे मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. मागणी मान्य झाली नव्हती. पण डाव्या-उजव्या बाजूला माझ्यासारखेच दोघं पडले होते. एक बीडचा, एक वाशिमचा. दोघांनीही आपापल्या बायकांपासून काय काय लपवलं ते सांगितलं. आपण नालायक आहोत म्हणून ही वेळ आली, असं मला अकरा वर्षं वाटत होतं. त्या रात्री ते पहिल्यांदा सैल झालं. आम्ही तिघं अजून दर रविवारी फोनवर बोलतो. पगाराचं बोलायचं नाही, असा नियम आहे.

---

हजेरीपट | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

सगळे शिक्षकांबद्दलच लिहीत आहेत म्हणून आवर्जून लिहितो. मी शाळेत लेखनिक आहे. मंजूर पदं दोन, माणूस एक.

पगार बिल मी बनवतो. मी ते वेळेत पाठवलं तरी निधी आला नाही तर पगार लांबतो, आणि स्टाफरूममधून पहिला आवाज माझ्यावर चढतो. मी त्यांना दोष देत नाही. हप्ता चुकला की माणूस जवळच्यावर ओरडतो. पण महिन्याच्या पाच तारखेला मला घरातून निघावंसं वाटत नाही. यू-डायसची (देशभरच्या शाळांच्या नोंदणीची) माहिती, आधार जुळवणी, आता अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक). एका मुलाच्या नावात आधारवर 'गणेश' आणि दाखल्यावर 'गनेश' असेल तर बाप मजुरी बुडवून तीनदा येतो आणि मलाच शिव्या देतो.

शिपाईमामांचं तर कुणीच बोलत नाही. ११ डिसेंबर २०२०च्या निर्णयाने अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीची नियमित भरती थांबली. जुना माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी आता शिपाई भत्ता, ग्रामीण भागात महिन्याला पाच हजार. आमचे मामा मार्चमध्ये निवृत्त होतील. गेली तीस वर्षं ते शाळेचा उंबरठा आहेत, कोण रडत आलं आणि कोण उपाशी आलं हे त्यांना पहिलं कळतं. बाई, तुमच्या सरांकडेही मामांचंच लक्ष गेलं की नाही? ते पद गेल्यावर संध्याकाळी कुलूप लावताना अंधाऱ्या वर्गात डोकावणार कोण?

आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई. महिन्याला अडीच हजार मानधन. चुलीचा धूर, शंभर पोरांचं जेवण, आणि काही बिघडलं तर पहिलं बोट त्यांच्याकडे. आमच्या ताईंच्या नवऱ्याचं वर्षापूर्वी निधन झालं. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी त्या कामावर होत्या. शाळेने श्रद्धांजलीचा ठराव केला नाही, कारण त्या 'कर्मचारी' नाहीत. मला त्याचं अजून वाईट वाटतं, मीच तो ठराव लिहायला हवा होता.

---

कृष्णाकाठ | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

हजेरीपट, मामांचं तुम्ही बरोबर धरलंत. धाग्याच्या नावात मी 'शाळेत काम करणारे' लिहिलं आणि मजकुरात फक्त शिक्षक आले. खिचडीच्या ताईंना आमच्या स्टाफच्या बैठकीला मी एकदाही बोलावलेलं नाही.

---

ओपीडी_खोली_९ | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

मी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवक आहे. सकाळी लिहायचं राहिलं ते आता लिहितो, थोडं लांब होईल.

शिक्षक आमच्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा लांबच्या तालुक्यातून येतात. तोंडाला रुमाल असतो. विद्यार्थ्याचा पालक बाकावर दिसला तर उठून निघून जातात. त्यातले बरेच जण आधी दोन-तीन डॉक्टर करून आलेले असतात, पित्तासाठी, डोकेदुखीसाठी, मानेसाठी. 'मन' हा शब्द शेवटी येतो. म्हणून सहकाऱ्यांनी शरीराच्या तक्रारींकडे लक्ष द्या. झोप पहाटे तीन-चारला मोडते का, जेवण कमी झालं का, आवडीचं काम सुटलं का, हस्ताक्षर-कपडे बदलले का. आणि चिडचिड. आपण समजतो की उदास माणूस रडतो. वर्गात तो बहुतेकदा ओरडतो. एक_पालक, तुमच्या मुलाच्या बाईंना बघितल्याशिवाय मी त्यांच्याबद्दल काही सांगू शकत नाही, पण अचानक बदललेल्या रागाकडे मी कधीच नुसता राग म्हणून बघत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ हे रोज असेल तर थांबू नये.

कसं विचारायचं? केबिनमध्ये बोलावून नको. केबिनमध्ये बोलावलं की माणूस खुलाशाच्या तयारीने येतो. वाटेत, पार्किंगमध्ये, डबा खाताना. 'काय झालंय तुम्हाला?' यापेक्षा 'हल्ली तुम्ही आमच्यात बसत नाही, मला चुकल्यासारखं वाटतं' असं. आणि मग गप्प राहायचं. कृष्णाकाठ, तुम्ही वर्गात बराच वेळ काही बोलला नाहीत, ते तुम्ही सहज लिहून गेलात. सर बोलले ते त्यामुळे.

'सगळ्यांनाच असतं', 'योगा करा', 'तुमच्यापेक्षा वाईट परिस्थिती बघा' ही वाक्यं टाळा. ती चांगल्या मनानेच म्हटली जातात, पण समोरच्याला ऐकू येतं ते 'पुढे बोलू नका' असंच.

जगणं नकोसं वाटतं असं कुणी आडून जरी बोललं, तर सरळ विचारा, 'जीव द्यावा असे विचार येतात का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्या एकाला कळवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात आणा.

सरकारच्या मानसिक आरोग्य फोनसेवेचा, टेलि-मानसचा, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नाव सांगण्याची सक्ती नाही. डोंगरपाडा यांच्यासारख्यांना टेकडी चढून करावा लागेल हे कळतंय, तरी नंबर जवळ असू द्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, औषधं मिळतात. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण झोप उडालेल्या, खचलेल्या माणसाला तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा 'मनोदर्पण' उपक्रम २०२० मध्ये सुरू झाला तो विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक आणि कुटुंबीयांसाठीही होता. किती स्टाफरूममध्ये तो कागद लागला, हे तुम्हीच सांगा.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. उदासीनतेवरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.

गुप्ततेबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चं कलम २३ रुग्णाला उपचारांबद्दल गुप्ततेचा हक्क देतं. त्याच कायद्याने मानसिक आजारावरच्या उपचारांना आरोग्य विम्यात शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. हे दोन्ही शाळेतल्या लोकांना माहीत नसतं. रजेच्या अर्जाबरोबर आमचं प्रमाणपत्र जोडलं की ते किती टेबलांवरून जातं, या भीतीने लोक रजाच घेत नाहीत. मुख्याध्यापकांनी इथे जबाबदारी घ्यायला हवी.

---

हजेरीपट | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

रजेचं मी सांगतो, हे माझं काम आहे. शिक्षकांना दीर्घ सुट्ट्या असल्याने अर्जित रजा जवळपास नसते, पण अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस साठते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. वीस-बावीस वर्षं सेवा झालेल्या माणसाच्या खात्यात भरपूर असते. लोक किरकोळ रजा संपली की बिनपगारी समजून घाबरतात. आधी लेखनिकाला विचारा. प्रमाणपत्र बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या नावे द्या, आवक नोंदीत फक्त 'वैद्यकीय प्रमाणपत्र' लिहितात. मी तसंच लिहितो.

---

पुन्हा_परीक्षार्थी | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

जळगाव जिल्हा, प्राथमिक शिक्षिका, वय ४६. १ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून घरात वातावरण बदललं आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार. मी तेवीस वर्षांपूर्वी लागले तेव्हा ही परीक्षाच नव्हती.

गुणवत्ता तपासू नका असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलांना मी बेरीज शिकवली ती आता मला 'मॅडम, तुमचा फॉर्म भरला का?' विचारतात. रात्री दोन वाजता जाग येते आणि बालमानसशास्त्राच्या व्याख्या आठवेनाशा होतात. दिवसभर मी ते मानसशास्त्र वापरत असते.

आम्ही सहा जणी रोज पहाटे पाच ते सहा फोनवर एकत्र अभ्यास करतो. त्यातल्या दोघींनी सांगितलं की पास होऊ की नाही माहीत नाही, पण या तासामुळे रडणं थांबलं. माझी मुलगी बारावीत आहे, ती समोर बसून तिचा अभ्यास करते. काल तिने माझ्या पुस्तकात खूण म्हणून मोरपीस ठेवलं.

---

लेस्टरकर | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मूळ सोलापूरची, इथे इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. इथलं थोडं सांगते.

इथे शिक्षकाच्या वेळापत्रकातल्या शिकवण्याच्या वेळेपैकी किमान १० टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी राखून ठेवावा लागतो. २००५ पासून तो हक्क आहे. त्या तासाला वर्ग दुसरं कुणीतरी सांभाळतं आणि शिक्षकाला त्या वेळेत बदली तासाला पाठवता येत नाही. आमच्या सोलापूरच्या शाळेत मोकळा तास म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग, असंच समीकरण होतं.

पण इथे सगळं छान आहे असं समजू नका. इथल्या तपासणी यंत्रणेकडून, ऑफस्टेडकडून, शाळेला एका शब्दात शेरा मिळायचा. रेडिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी तपासणीनंतर जानेवारी २०२३ मध्ये जीवन संपवलं. त्या तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला, असं अधिकृत चौकशीत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदवलं गेलं. त्यानंतर सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा बंद झाला. त्यांच्या बहिणीने आणि देशभरच्या मुख्याध्यापकांनी आवाज उठवला म्हणून तो बदलला. एका माणसाच्या बावीस-पंचवीस वर्षांच्या कामाला एक शब्द चिकटवायचा, हे मला तुमच्या 'माहिती न देणाऱ्या शाळांची यादी' वाचताना आठवलं.

इथे शाळेतल्या सगळ्यांसाठी, म्हणजे सफाई आणि स्वयंपाक करणाऱ्यांसाठीसुद्धा, चोवीस तास चालणारी एक स्वतंत्र मोफत फोनसेवा आहे. तिचा नंबर आमच्या स्टाफच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतून लावलेला आहे. तिथे तो वाचताना कुणी बघत नाही. हे मात्र उचलण्यासारखं आहे.

---

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५५

दिवाळी, सहामाही निकाल यात उशीर झाला. काय काय केलं ते लिहिते. सगळं जमलेलं नाही.

लेस्टरकर यांचं वाचून १४४१६ हा नंबर आम्ही दोन्ही स्वच्छतागृहांत दाराच्या आतून लावला, स्वयंपाकखोलीतही. ते काम पाच मिनिटांचं होतं. एक चिठ्ठीपेटीही ठेवली होती, नाव न लिहिता काही सांगायचं असेल तर. तिच्यात महिन्याभरात एकही चिठ्ठी आली नाही. चौदा जणांच्या शाळेत अक्षर ओळखू येतंच, हे मला आधी कळायला हवं होतं. पेटी काढून टाकली.

ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर मी काही टाकत नाही. पहिल्या आठवड्यात मलाच जड गेलं. वरून आलेला संदेश पुढे ढकलला की माझी जबाबदारी संपली, असं इतकी वर्षं वाटायचं. आता तो रात्रभर माझ्याकडे राहतो.

ऑक्टोबरच्या बैठकीला खिचडीच्या दोन्ही ताई आणि मामा होते. ताईंनी पहिल्यांदा सांगितलं की तांदूळ मोजून देताना शिक्षक घाई करतात आणि कमी पडला की मुलं त्यांना बोलतात. तीन वर्षं मला हे माहीत नव्हतं. आता मोजायला मी स्वतः किंवा उपशिक्षक उभे राहतो.

सर जिल्हा रुग्णालयात जाऊन आले. पहिल्यांदा नको म्हणाले. मग मामाच त्यांना म्हणाले, "चला सर, मला बी बीपी दाखवायचंय." दोघं एसटीने गेले. सरांनी पाच आठवड्यांची रजा घेतली, हजेरीपट यांनी सांगितलं तशीच. प्रमाणपत्राचं पाकीट माझ्या कपाटात आहे. परत आल्यावर त्यांच्या तासिका आम्ही वाटून घेतल्या. विज्ञानाच्या बाईंनी नववीचं बीजगणित घेतलं, शारीरिक शिक्षणाच्या सरांनी बदली तास घेतले. दोघांनीही 'किती दिवस?' असं विचारलं नाही. दहावीचा वर्ग सरांनी स्वतःकडे ठेवला, तो त्यांना हवा होता.

ते पूर्ण बरे झालेत असं नाही. मागच्या सोमवारी पुन्हा आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "आज नाही जमत बाई." मी 'बरं' म्हटलं आणि ठेवला. मंगळवारी आले.

तो खुलासा अजून फाईलला होता. कागद फाडता येत नाही, नियम आहे. मी त्यावर शेरा लिहिला, 'खुलासा मान्य. प्रकरण बंद.' खाली सही, तारीख. मग सरांना बोलावून तो दाखवला. ते वाचून म्हणाले, "नववीचे पेपर तपासून झाले का?" मी सांगितलं, "झाले, विज्ञानाच्या बाईंनी केले. तुमच्यासारखे अर्धे गुण देत नाहीत त्या, पोरं तुमची वाट बघतायत."

तुकडी_ब, तुमचा रविवारचा फोन सरांना सांगितला. ते विचारत होते, चौथा माणूस चालेल का.

---

तुकडी_ब | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

चालेल. रविवारी सकाळी साडेनऊ, दूध केंद्रावरून आल्यावर. सरांसाठी माझा नंबर तुम्हाला खासगी निरोपात टाकतो. पगाराचं बोलायचं नाही आणि दहावीच्या निकालाचंही नाही, एवढं सांगून ठेवा.

---

डोंगरपाडा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

पाचवा मी. रविवारी टेकडीवर जाऊन बसतो.